चाड्यावरची मूठ आणि व्हायोलिनचा गज

(परभणीत व्हायोलिन शिकणारी मुलं आणि त्यांचे पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेडहून तुम्ही एवढ्या उन्हात एसटीनं, व्हायोलिन मांडीवर सांभाळत आलात. म्हणून इकडचं तिकडचं न बोलता थेट वाद्याकडेच येते.

नवीन मूल माझ्याकडे आलं की पालकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "म्याडम, वर्ष झालं शिकतोय, पण सूरच लागत नाही." हे सांगताना त्यांची नजर मुलाच्या डाव्या हातावर असते. साहजिक आहे. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नाहीत, पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. बोट पडेल तिथे सूर. तेव्हा सूर चुकला म्हणजे बोट चुकलं, असा सरळ हिशोब. मला मात्र इतकी वर्षं शिकवताना पुन्हा पुन्हा वेगळंच दिसत आलंय. कानाला खटकतं ते डाव्या हाताचं वाटतं, आणि बिघडलेलं असतं उजव्या हातात, तारांवर फिरणाऱ्या गजात. त्यामुळे आज मी गजावर जास्त वेळ घेणार आहे, बाकीच्या गोष्टी जाता जाता.

गज तारेवर नेमकं काय करतो ते आधी बघू. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात आणि आपण त्यांना रोझिन, म्हणजे राळ लावतो. ती चिकट असते. केस तारेला धरतात, आपल्याबरोबर ओढून नेतात, ताण वाढला की तार निसटून मागे जाते, आणि केस तिला पुन्हा धरतात. मध्य सा पेटीच्या काळी एक या पट्टीला लावला असेल तर हे धरणं-निसटणं सेकंदाला सुमारे 277 वेळा होतं. आपले सी. व्ही. रामन पुढे प्रकाशावरच्या कामासाठी जगाला माहीत झाले, पण त्याआधी कलकत्त्यात त्यांनी गजानं वाजणाऱ्या तारेचा खोल अभ्यास केला होता. 1918 मध्ये त्यांनी त्यावर मोठा निबंध प्रसिद्ध केला. मुलांनी हे जरूर लक्षात ठेवावं. आपण रोज जे वाजवतो त्याचं गणित मांडायला एवढा मोठा माणूस बसला होता.

आता बघा, गजाचं वजन कमी पडलं तर केस तारेला नीट धरतच नाहीत. सूर वरवरचा, शिट्टीसारखा येतो, त्यात मूळ स्वर कमी आणि त्याच तारेतून निघणारे वरचे, बारीक स्वर जास्त. वजन जास्त झालं तर तार वेळेवर सुटत नाही, खरखर होते, आणि सूर किंचित उतरतो. ऐकणाऱ्याला दोन्ही वेळा बेसूर वाटतं. मूल काय करतं? बोट सरकवतं. पुन्हा सरकवतं. बोट मुळात बरोबर जागी होतं, ते आता खरोखरच चुकीच्या जागी जातं. सूर लागत नाही या तक्रारीचा उगम पुष्कळदा इथे असतो.

एक प्रसंग सांगते. माझ्याकडे एक मुलगी यायची, आई शेतावर जाणारी. सा लांब धरायला सांगितलं की पहिल्या दोन मात्रा भरदार यायच्या आणि मग सूर बारीक होत होत विझायचा. टोकाला पोचेपर्यंत तिच्याकडे गजच उरायचा नाही. मी दाब, वेग, कोपर सगळं समजावत होते, फरक पडत नव्हता. एक दिवस आई दारात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्याडम, ही मूठ आधीच रिकामी करायली. मग तासाच्या टोकाला बी कुठून यावं?"

तास म्हणजे पेरणीची ओळ. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिफणीवर, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजारावर, पेरणी पाहिली असेल. आता ट्रॅक्टरला जोडलेलं पेरणी यंत्र आलंय, पण घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरणारी बाई बैलांच्या चालीवर बोटं सैल करते. बी सारखं पडलं पाहिजे, बांधापासून बांधापर्यंत. सुरुवातीला घाई केली तर तिथे दाट उगवतं आणि पुढे तास मोकळा राहतो. गजाचं वाटप म्हणतात ते हेच. त्या दिवसापासून मी दुसरा दाखला दिलेला नाही, आणि त्या मुलीला तर दुसऱ्या दाखल्याची गरजच पडली नाही.

याचा रियाज सांगते, लिहून घ्या. तबल्याच्या ॲपवर तीनताल लावा, मिनिटाला 60 मात्रा. समेला, पहिल्या मात्रेला, मुठीकडून म्हणजे गज हातात धरतो त्या बाजूकडून सुरू करायचा आणि आठ मात्रांत टोकाला पोचायचं. नवव्या मात्रेला, जिथे तालाची 'खाली' येते तिथे, परतीचा गज सुरू करून सोळाव्या मात्रेअखेर मुठीशी यायचं. गजाच्या काडीवर बरोबर मध्यावर बारीक दोरा बांधा. पाचव्या मात्रेच्या टाळीला दोरा तारेवर यायला हवा. आधी आला तर मूठ लवकर सुटली. एका तारेवर, मोकळ्या सा वर, तंबोऱ्याबरोबर दहा मिनिटं. डावा हात मांडीवर ठेवा. पहिल्या आठवड्यात कंटाळा येईल. पालकांनी या दहा मिनिटांत "काहीतरी गाणं वाजव ना" असं म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. गज मुठीकडे जड आणि टोकाकडे हलका असतो. पूर्ण मापाचा गज सगळा मिळून साठ ग्रॅमच्या आसपास, पण त्याचं वजन सारखं वाटलेलं नाही. हात एकाच पद्धतीनं ठेवला तर मुठीशी खरखर होणार आणि टोकाशी सूर विरणार. म्हणून मुठीशी करंगळीनं काडी थोडी तोलून धरायची, आणि टोकाकडे जाताना तर्जनीनं हळूहळू वजन द्यायचं. करंगळी ताठ काठीसारखी असेल तर हे जमत नाही. ती गोल, वाकलेली हवी. अंगठाही सांध्यात वाकलेला हवा. अंगठा आत मुडपून ताठ झाला की मनगट बांधलं जातं, मनगट बांधलं की कोपर, आणि मग सगळा गज खांद्यातून चालतो.

तिरका गज ही यानंतरची मोठी चूक. गज घोडीला, म्हणजे तारा ज्या उभ्या लाकडी तुकड्यावर टेकतात त्याला, समांतर चालायला हवा. मुठीकडे असताना तो बरोबर असतो, पण टोकाकडे जाता जाता घसरून पट्टीवर, म्हणजे तारांखालच्या बोटं पडतात त्या फळीवर, चढतो. कारण शोधायला कोपराकडे बघा. गजाच्या पहिल्या अर्ध्या भागात दंड हलतो, दुसऱ्या अर्ध्यात कोपरापासून पुढचा हात उघडायला हवा. मुलं तो उघडत नाहीत, कोपरच मागे नेतात, आणि गज कमानीसारखा फिरतो. भिंतीला पाठ आणि उजवा दंड टेकवून बसा, आणि फक्त टोकाकडचा अर्धा गज वाजवा. कोपराला मागे जायला जागाच नाही, म्हणजे हात उघडावाच लागतो. समोर आरसा असला तर उत्तम. नसेल तर मोबाइलवर चित्रण करून घ्या. घोडी आणि पट्टी यांच्यामधल्या जागेत, तारेच्या ज्या बिंदूवर केस टेकलेत, त्या एका ठिकाणी नजर ठेवा.

आता डावा हात. आपण मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकतं आणि दुसरी बाजू डाव्या खांद्या-छातीशी. या बैठकीचा फायदा असा की वाद्य हातानं धरावंच लागत नाही. हात मोकळा राहतो, म्हणून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, निघते. विदुषी एन. राजम यांनी पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडून गायकी, म्हणजे गाण्याची शैली, घेतली आणि ती व्हायोलिनवर उतरवली. आपल्याकडे पंडित डी. के. दातार यांनी गायकी अंगच जपलं. त्यांचं वादन ऐकताना बोटं वेगळी आणि सूर वेगळा असं वाटतच नाही, गळाच ऐकू येतो. ते साधण्यासाठी हात सुटा हवा.

आणि आपली मुलं तर अंगठ्यानं व्हायोलिनची मान आवळून धरतात. मीही धरत होते. सुरुवातीची दोन वर्षं मला सांगणारं कुणी नव्हतं. अंगठ्याच्या मुळाशी इतकं दुखायचं की सकाळी तांब्या उचलताना त्रास व्हायचा. पुढे गुरुजींनी पाहिलं आणि महिनाभर अंगठा मानेपासून पूर्ण काढून वाजवायला लावलं. पहिले काही दिवस वाद्य पावलावरून घसरायचं. मग कळलं की बैठकच चुकीची होती, टोक नीट टेकलेलं नव्हतं आणि ती उणीव अंगठा भरून काढत होता. पावलावर घडी केलेला सुती रुमाल ठेवा, टोक त्यावर बसवा, आणि रोज पाच मिनिटं अंगठ्याशिवाय आरोह-अवरोह वाजवा.

तारेवर बोट किती दाबायचं, याचंही उत्तर तुम्हीच काढू शकता. बोट तारेला नुसतं टेकवा आणि गज चालू ठेवा. शिट्टीसारखा किंवा फाटका आवाज येईल. आता अगदी सावकाश दाब वाढवा. एका क्षणी सूर स्वच्छ होतो. तिथेच थांबा, त्याहून जास्त जोर वायाच जातो. मींड घेताना तर बहुतेकजण आणखी दाबतात, भीतीनं. बोट अडखळत सरकतं आणि मधल्या श्रुती खडबडीत येतात. मींड घेताना बोट हलकं हवं आणि गज अखंड हवा. मधेच गज बदललात तर मींड तुटली.

कंपाबद्दल थोडक्यात. सिनेसंगीतातलं व्हायोलिन ऐकून मुलं प्रत्येक स्वर हलवतात. न लागलेला सूर हलवला की त्याची चूक झाकली जाते, म्हणून ही सवय लवकर जडते आणि उशिरा सुटते. आपल्या संगीतात दरबारीच्या कोमल गंधारासारखं आंदोलन त्या रागाचं असतं, ते संथ असतं आणि ते शिकावं लागतं. स्थिर स्वर येईपर्यंत कंप नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पालकांसाठी. काही चुका मुलाच्या नसतातच. गणवेशासारखं "पुढे वाढेल" म्हणून मोठं व्हायोलिन घेऊ नका. लहान मुलांसाठी अर्ध्याचं, पाऊणचं माप मिळतं. घोडी फार उंच असेल तर तारा पट्टीपासून लांब राहतात आणि मूल दाबूनच वाजवणार, त्याला रागावून काय उपयोग? घोडी जाणकाराकडून घासून घ्या. खुंट्या पिळून पिळून घोडी पट्टीकडे झुकते, ती दर आठवड्याला बघा. आणि चारही तारा एकदम कधी सोडू नका. घोडी पडते, कधी आतली दांडीही पडते.

आपल्या भागातली हवा या वाद्याला कठीण आहे. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, हवा कोरडी होते, लाकूड आकसतं आणि खुंट्या सुटतात. पावसाळ्यात त्याच फुगून अडकतात. सुटणाऱ्या खुंटीला थोडा खडू, अडकणाऱ्या खुंटीला थोडा कोरडा साबण, हा जुना आणि चालणारा उपाय आहे. पत्र्याच्या खोलीत दुपारी वाद्य ठेवू नका. घरात माळवदाची, मातीच्या जाड छताची खोली असेल तर तिथे ठेवा. साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला करून पिळलेला स्पंज ठेवा आणि ती डबी उन्हाळाभर व्हायोलिनच्या पेटीत राहू द्या. गजाचे केस कोरड्या हवेत आकसतात, म्हणून वाजवून झाल्यावर गज ढिला केलाच पाहिजे, नाहीतर काडी वाकते.

शेवटी एक प्रयोग करू. पट्टीवर चिकटपट्ट्या लावून शिकलेली मुलं इथे बरीच आहेत. दोन-तीन महिने ठीक आहे, पण पुढे डोळा वाजवायला लागतो आणि कान झोपतो. सूर बरोबर लागला की नाही हे वाद्य स्वतः सांगतं. सा-प-सा-प असं लावलेलं व्हायोलिन कुणाचं आहे? ये, पुढे ये, उजेडाकडे तोंड करून बस. तंबोरा चालू करा. हा बघा, कागदाचा एवढासा कपटा, मधे दुमडलेला. हा मी मोकळ्या मध्य सा च्या तारेवर ठेवतेय, घोडीपासून आठेक सेंटिमीटरवर, तारेच्या पाव अंतरावर. मधोमध ठेवला तर हलणार नाही, कारण वरच्या सा ला ही तार दोन भागांत थरथरते आणि तिचा मध्य स्थिर राहतो. आता तू शेजारच्या प च्या तारेवर तार सप्तकातला, म्हणजे वरचा सा लाव. कागदाच्या तारेला हात लावायचा नाही, गजही लागू द्यायचा नाही.

नाही हलला ना? बोट सरकवायची घाई नको. आधी गज बघ, पट्टीवर चढलाय. घोडीकडे आण. कोपर मागे नको, हात उघड. मुठीतलं बी सांभाळून. हं, आता बोट अगदी केसभर वर.

बघितलंत सगळ्यांनी? थरथरतोय. कागद पडला तरी थांबू नकोस बाळा, गज टोकापर्यंत ने.