मृगाच्या आधीचे दिवस

करवीर तालुक्यातील भोगावतीकाठच्या या घराची जमीन अवघी ५० गुंठे आहे. त्यांपैकी ३० गुंठे नदीलगतच्या मळीत असून उरलेले २० गुंठे वर माळाला आहेत. कोणते काम कधी करायचे आणि कोणते पीक कुठे घ्यायचे, याचे बहुतेक निर्णय या दोन तुकड्यांच्या उंचीवरून ठरतात.

मे महिन्याच्या उत्तरार्धात, रोहिणी नक्षत्र निघाल्यापासून मृगापर्यंतच्या साधारण दोन आठवड्यांत, या घराला उसंत नसते. परड्यात दिसतो तो शेणींचा, म्हणजे गोवऱ्यांचा, हुडवा. वाळलेल्या शेणी गोल रचून त्यावर बाहेरून शेणाचाच जाड लेप द्यायचा आणि माथ्यावर उसाच्या पाल्याचे छप्पर घालायचे, हे काम आजी अजूनही दुसऱ्या कोणाकडे सोपवत नाहीत. कारण लिंपणात एक भेग राहिली, तर श्रावणात चुलीपुढे धुरात बसण्याची पाळी त्यांच्याच वाट्याला येते. घरात गॅस आहे, परंतु म्हशींचे आंबोण (पाण्यात कालवलेला खुराक) आणि अंघोळीचे पाणी आजही चुलीवरच तापते.

वैरणीचा हिशेब याहून कठीण. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू असेपर्यंत उसाचे वाडे, म्हणजे तोडलेले हिरवे शेंडे, मिळते आणि तो संपला की तेही थांबते. तेथून हिरवे गवत हाताशी येईपर्यंत दोन म्हशी भाताच्या पिंजरावर (पेंढ्यावर) आणि कडब्यावर काढायच्या असतात. त्यामुळे गंजी माळाच्या बाजूला, दगडांच्या थरावर रचली जाते आणि तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद ओढून दोऱ्यांनी आवळला जातो. गोठ्याच्या पश्चिम अंगालाही असाच कागद लागतो, कारण आषाढातली झड त्याच दिशेने आत शिरते. कौले परतणे, चटणी कुटून बरण्या भरणे ही कामे त्याच्या अधेमध्ये उरकतात.

माळावरच्या २० गुंठ्यांत भाताची धूळवाफ पेरणी होते. कोरड्या, भुसभुशीत मातीत कुरीने (पेरणीच्या अवजाराने) बी पेरायचे आणि पावसाची वाट पाहायची, ही या भागाची जुनी रीत असली तरी ती एक प्रकारची पैजच म्हणावी लागेल. वळवाची एखादी सर येऊन पुढे दीर्घ उघडीप पडली, तर उगवलेले कोंब करपतात. आणि पाऊस आधीच लागून राहिला, तर वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, न आल्याने कुरी चालतच नाही. मग तरवा (भाताची रोपवाटिका) टाकून रोप लावणीचा मार्ग उरतो, ज्याला मजूर अधिक लागतात.

मळीतल्या उसाचे नियोजन मात्र पुराने बदलले आहे. पूर्वी येथे जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागण होत असे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ही मळी अनेक दिवस पाण्याखाली राहिली. उसाचा शेंडा बुडून त्याच्या गुंडाळलेल्या पानांच्या सुरळीत गाळ बसला की वाढ खुंटते आणि कांडे कुजू लागते. म्हणून आता ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्वहंगामी लागण केली जाते, जेणेकरून पुराच्या दिवसांपर्यंत ऊस माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला असेल. मोठ्या पुरापुढे हाही उपाय तोकडाच आहे, हे घरातले सर्वजण जाणतात.

पावसाळ्यापूर्वी नदीवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले जातात, म्हणजे पुराचे पाणी अडत नाही. पुढे राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा, म्हणजे भोगावती जिला मिळते ती नदी, ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली, किंवा भोगावतीवरील राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, की थोरले चुलते आणि शेजारचे तिघे-चौघे नदीकाठी उतरतात. पाणी उपसणारी विद्युत मोटार बोल्ट सोडवून, दोरखंड लावून वर ओढली जाते आणि घराच्या सोप्यात (पुढच्या पडवीत) पोत्यावर ठेवली जाते. पाऊस ओसरून बंधाऱ्याला पुन्हा बर्गे घातले जाईपर्यंत ती तेथेच असते, आणि घरातली मुले तिच्यावर दप्तरे ठेवतात.