सिंदफणेचा पूल अन् समुद्राचं गणित

हे जे पाण्यात तिरपं पडलेलं दिसतंय ना, तो आमच्या गावचा पूल. सप्टेंबर 2025 ला मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात सिंदफणा नदी पुलावरून वाहिली, अन् पाणी उतरल्यावर बघतो तर मधला पिलर खचलेला, स्लॅब त्याच्यावर मोडून लोंबतोय. शाळेची लेकरं, दुधाचे कॅन, बाळंतपणाला निघालेली बाई, सगळ्यांना लांबचा वळसा.

सगळे म्हणले पुरानं नेला. पण कॅमेरा जरा इकडं आणा, ही सळई बघा. नखानं खरवडली तरी पापुद्रे निघतात, अन् तिच्यावर काँक्रीट किती होतं तर बोटाच्या पेराएवढंपण नाही. पूर नंतर आला, पूल आधीच आतून सडला होता. गुत्तेदार कधीच बिल उचलून गेलेला, आता कोणाला विचारता?

हे आम्हाला दाखवलं गवंडीमामांनी. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं, त्याच्यानंतर मामा रायगडच्या किनाऱ्यावर एका मोडलेल्या जेट्टीच्या कामावर गेले होते. जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता माणसानं. तिथं त्यांच्या एक गोष्ट डोक्यात बसली की खांबाचा कायम पाण्यात बुडालेला भाग बराच टिकतो, खराब होतो तो मधला पट्टा, जिथं लाट भिजवते अन् ऊन वाळवतं. बुडालेल्या लोखंडाला हवा फार कमी मिळते म्हणून ते सावकाश गंजतं, पण मधल्या पट्ट्यात मीठ, ओल, हवा तिन्ही एकदम मिळतात, आणि समुद्राच्या एका लिटर पाण्यात मीठ साधारण 35 ग्रॅम, ते काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. म्हणून भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आयएस 456 हा काँक्रीट बांधकामाचा भारतीय कोड सळईवर 75 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, अन् एम 40 ताकदीचं काँक्रीट मागतो. स्लॅग सिमेंट, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून घातलेलं, असलं तर मिठाला आत शिरायला अजून अवघड जातं.

आपल्याकडं मीठ नाही, पण भिजणं-वाळणं आहेच की. त्याला तोच कोड 45 मिलिमीटर कव्हर, एम 30, अन् पाणी सिमेंटच्या वजनाच्या 0.45 पट सांगतो, म्हणजे 50 किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर, वाळूतली ओल धरून. त्याच्यावर एक तांब्या नाही.

पायाचंपण तसंच. जुना पिलर मुरुमावर टेकवलेला, पुरानं खालचा मुरूम उकरून नेला अन् तो बसला. यावेळी नवा पिलर बांधताना खाली काळा पाषाण लागेपर्यंत खोदलं, त्यात भोकं पाडून सळया रोवल्या.

काँक्रीट टाकायच्या दिवशी ऊन असं की पत्र्याला हात लावता येईना. माल घट्ट वाटला म्हणून एक पोरगा बादली घेऊन मिक्सरकडं निघाला, मामांनी मनगटच धरलं त्याचं. "आरं लेका, पाणी नको, व्हायब्रेटर लाव." अन् सळईखाली गिट्टीचा तुकडा सारणाऱ्याला उठवून त्याच्या हातात कव्हर ब्लॉक दिले, म्हणजे सळई साच्यापासून ठरल्या अंतरावर धरणारे ठोकळे, आधीच ओतून, भिजवून ठेवलेले. मला तर हेच सगळ्यात मोठं काम वाटलं, कारण सेंट्रिंग बंद झाल्यावर हे कोणालाच दिसणार नाही.

खरी परीक्षा पाण्याची. पिलरला 14 दिवस ओलं ठेवायचं, अन् उन्हाळ्यात गावात प्यायच्या पाण्याचं टँकर. मग ज्याच्या बोअरला पाणी त्यानं तासभर मोटर द्यायची असं ठरलं, कोणाला चिठ्ठी नाही का पावती नाही, मोसंबीची बाग जळायला लागली होती त्यानंपण दिलं.

आज अकरावा दिवस. पहाटे साडेपाच वाजलेत, मामा पिलरला गुंडाळलेल्या गोणपाटात हात घालून बघतायत. एका बाजूला कोरडं लागलं त्यांना. आता पाइप तिकडं ओढतायत.