पीनियलमधली सिस्ट आणि लवकर वयात येणारी मुलं

आज बरेच आईबाप एमआरआयची फाइल घेऊनच आलेले दिसतात, म्हणून त्या फाइलपासूनच सुरुवात करतो. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ असते: पीनियल ग्रंथीत, म्हणजे मेंदूच्या मधोमध असलेल्या एका चिमुकल्या ग्रंथीत, सहा मिलिमीटरची सिस्ट. मुलगी सात वर्षांची, छाती भरायला लागलेली. नेटवर शोधलं की 'पीनियल' आणि 'लवकर वयात येणं' शेजारी-शेजारी सापडतं आणि घराची झोप उडते. ऑपरेशन करावं लागेल का, हा पहिला प्रश्न. माझं उत्तर जवळजवळ नेहमी 'नाही' असतं. ते का, हे समजून घ्या.

ही जोडी जुनी आहे. 1898 साली ओटो ह्यूबनर या जर्मन बालरोगतज्ज्ञांनी साडेचार वर्षांच्या एका मुलाची नोंद केली. त्याच्यात वयात आल्याची लक्षणं होती आणि पीनियलमध्ये गाठ होती. त्यावरून समज झाला की ही ग्रंथी वयात येणं रोखून धरते, आणि ती निकामी झाली की रोखणारं कुणी उरत नाही. पुढे 1958 साली येल विद्यापीठात ॲरन लर्नर यांनी गाईंच्या पीनियल ग्रंथींमधून मेलाटोनिन हे संप्रेरक वेगळं काढलं. लहानपणी रात्री ते भरपूर असतं, मोठं होताना उतरत जातं. मेंढ्यांचा माजाचा हंगाम तर त्यावरच ठरतो. मात्र मेलाटोनिन उतरतं म्हणून माणसाची मुलं वयात येतात, हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

मग गाठ असलेल्या मुलांत काय घडतं? पीनियलच्या काही गाठी एचसीजी हे संप्रेरक तयार करतात. गर्भारपणाच्या चाचणीत पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती याच संप्रेरकामुळे. ते वृषणांना थेट कामाला लावतं. मुलींच्या बीजकोशांना आणखी एका संप्रेरकाची जोड लागते, म्हणून हा प्रकार बहुतेक मुलग्यांतच दिसतो. मोठी गाठ आजूबाजूच्या भागावर दाब आणूनही हे घडवू शकते. पण सिस्ट म्हणजे पाण्याने भरलेली पुटी. ती एचसीजी बनवत नाही. भलत्याच कारणासाठी एमआरआय काढलेल्या मुलांतही शंभरात एक-दोघांना ती सापडते, आणि बहुतेकांना आयुष्यभर तिचा त्रास होत नाही. फार मोठी झाली तर मेंदूतल्या पाण्याची वाट अडू शकते. तेव्हा डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, वर बघायला त्रास, अशी लक्षणं दिसतात. ती दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मुलींत आठ वर्षांच्या आत आणि मुलग्यांत नऊच्या आत बदल सुरू झाले, तर आम्ही त्याला 'लवकर' म्हणतो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून ठरावीक अंतराने संदेश सुटायला लागतात आणि वयात येण्याचं चक्र सुरू होतं. ते वेळेआधी सुरू झालेल्या बहुतेक मुलींच्या मेंदूत काहीही दोष सापडत नाही. वाढलेलं वजन, आईची पाळी लवकर आलेली असणं, क्वचित एखाद्या जनुकातला बदल, अशी कारणं असतात. कोविडच्या टाळेबंदीनंतर इटलीतल्या आणि आपल्या पुण्यातल्याही डॉक्टरांना अशा मुली जास्त दिसल्या.

मुलग्यांची गोष्ट वेगळी, आणि इथे मला मनापासून वाईट वाटतं. आठ वर्षांच्या मुलीला स्राव दिसला की घर घाबरून धावतं. त्याच वयाच्या मुलाला मिसरूड फुटली, आवाज फुटला, की 'आमचा पठ्ठ्या लवकर मर्द झाला' म्हणून कौतुक होतं. वास्तविक मेंदूत कारण सापडण्याची शक्यता मुलग्यांत कितीतरी जास्त. हायपोथॅलॅमसमधली हॅमार्टोमा नावाची जन्मजात गाठ असेल, एचसीजी बनवणारी गाठ असेल, तपासल्याशिवाय कळणार नाही. नऊच्या आतल्या मुलग्याला कौतुक थांबवून आधी दाखवा.

आता हा एक्स-रे बघा. डाव्या हाताचा पंजा आणि मनगट. बोटांच्या हाडांच्या टोकांशी या बारीक काळ्या रेषा दिसतात ना, तिथे हाड वाढतं. मुलगी सात वर्षांची, पण हाडांचं वय दहा. आज ती वर्गात सगळ्यांत उंच आहे. या रेषा लवकर मिटल्या तर तिची उंची तिथेच थांबेल आणि मैत्रिणी तिच्या पुढे जातील. एमआरआयमधल्या सहा मिलिमीटरपेक्षा मी या रेषांकडे जास्त वेळ बघतो. शाळेतल्या उंचीच्या जुन्या नोंदी असतील तर त्याही आणा, एका वर्षात किती वाढ झाली ते त्यातून समजतं.

प्रत्येकीला औषध लागत नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलीची नुसती छाती किंचित वाढली आणि बाकी काही नसलं, तर बहुधा फक्त लक्ष ठेवतो. वेग जास्त असेल तर महिन्याने किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन देतो. त्याने मेंदूचे संदेश शांत होतात. साधारण अकराव्या वर्षाच्या सुमारास ते बंद करतो. 'पुढे मूल होईल ना?' असं आया दबक्या आवाजात विचारतात. होईल. इंजेक्शन थांबवल्यावर चक्र पुन्हा सुरू होतं, आणि बहुतेक मुलींना वर्ष-दीड वर्षात पाळी येते.