पाठलाग करायला लावणारा बचावपटू : ली कीगनची कारकीर्द

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मेयो काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) गेलिक फुटबॉलचं, म्हणजे हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायच्या आयरिश फुटबॉलचं, ऑल-आयर्लंड अजिंक्यपद शेवटचं जिंकलं ते 1951 साली. वेस्टपोर्ट क्लबचा ली कीगन 2011 मध्ये मेयोच्या सीनियर संघात आला आणि जानेवारी 2023 मध्ये आंतर-काउंटी खेळातून निवृत्त झाला. या काळात मेयो 2012, 2013, 2016, 2017, 2020 आणि 2021 अशा सहा वर्षी अंतिम फेरीत पोहोचली आणि प्रत्येक वेळी हरली. कीगनला पाच वेळा ऑल-स्टार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम संघात निवड होण्याचा मान, मिळाला, 2016 मध्ये वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याची निवड झाली, पण विजेतेपदाचं पदक मात्र त्याच्याकडे नाही. तरीही आधुनिक बचावपटूचं काम काय, हे शिकायचं असेल तर मी पहिल्यांदा त्याचेच सामने बघायला सांगेन.

खेळाची आखणी थोडक्यात सांगतो. एका बाजूला 15 जण. मैदान 130 ते 145 मीटर लांब, 80 ते 90 मीटर रुंद. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, म्हणजे तीन पॉइंट. दांडीवरून दोन खांबांमधून गेला की एक पॉइंट. म्हणून धावफलकावर 2-12 दिसलं तर दोन गोल आणि 12 पॉइंट, एकूण 18 असं वाचायचं. गोलरक्षकापुढे तिघांची फुल-बॅक ओळ, तिच्यापुढे तिघांची हाफ-बॅक ओळ. या दुसऱ्या ओळीच्या कडेला विंग-बॅक असतो, पाठीवर 5 किंवा 7 नंबर. कीगनची मूळ जागा ही.

आता टॅकल. या खेळात माणसाला धरता येत नाही. खांद्याला खांदा लावता येतो, तोही एक पाय जमिनीवर असताना. बाकी जे काही करायचं ते उघड्या तळहाताने आणि फक्त चेंडूवर. चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याला चार पावलांनंतर तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाच्या चवड्यावर टाकून परत हातात घ्यावा लागतो. याला सोलो म्हणतात. सलग दोनदा आपटता येत नाही. म्हणजे दर चार पावलांनी चेंडू क्षणभर हातातून सुटतोच. बचावपटूची संधी तेवढीच.

ती साधायची तर तयारी चार-पाच मीटर आधी सुरू होते. पावलं आखूड करायची, कंबर खाली घ्यायची आणि समोर छाती न देता थोडं तिरकं उभं राहायचं, म्हणजे गड्याला त्याच्या कमजोर पायाकडे किंवा कडेच्या रेषेकडेच वाट उरते. मग थांबायचं. कबड्डीतला कोपरा चढाईपटूचा पाय आत येईपर्यंत जसा थांबतो, तितका धीर इथे लागतो. सोलो करताना गड्याची नजर चेंडूकडे खाली जाते. चेंडू चवड्यावरून वर येताना, मांडी आणि पोटाच्या मधे असताना, जवळच्या हाताने त्याला थाप मारायची. चुकतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. घाईत लांबचा हात पुढे जातो, त्याबरोबर अंग वळतं, दोन्ही हात गड्याभोवती येतात आणि पंचाची शिट्टी वाजते. गोलापासून 45 मीटरच्या आत समोरून दिलेली फ्री, म्हणजे फाऊलबद्दल मिळणारी मोकळी किक, हा चांगल्या किकरच्या हातात ठेवलेला पॉइंट. म्हणून सरावात बचावपटूला लांबचा हात पाठीमागे धरून एकास एक खेळायला लावतात. हात बांधला की पाय आपोआप नीट पडू लागतात.

किक अडवण्याचं तंत्र वेगळं. त्यासाठी 2003 च्या अंतिम सामन्यातला टायरोन काउंटीच्या कॉनर गॉर्मलीचा ब्लॉक बघा. प्रतिस्पर्धी आर्मा काउंटीचा स्टीव्हन मॅकडोनेल गोलासमोर मोकळा होता आणि गॉर्मलीने झेप घेऊन त्याची किक अडवली. ब्लॉक करताना शरीर बुटावर टाकायचं नसतं. बाजूने येऊन, दोन्ही हात जोडून, चेंडू ज्या रेषेत निघणार त्या रेषेवर पसरायचं. बुटावर गेलात तर बोटं मोडतात आणि फाऊलही मिळतो. टायरोन तो सामना 0-12 विरुद्ध 0-9 असा जिंकली.

कीगनकडे हे सगळं होतंच. त्याने त्यात भर घातली ती उलट्या दिशेने. आपल्या संघाने चेंडू हिसकावला की पहिले तीन-चार सेकंद समोरचा आक्रमक खेळाडू स्वतः अजून हल्ल्याच्याच विचारात असतो. कीगन त्या क्षणी पुढे सुटायचा. आता त्या आक्रमकापुढे दोनच मार्ग. कीगनमागे 70 मीटर पळायचं आणि दमायचं, किंवा त्याला सोडायचं आणि गोल पत्करायचा. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत धोकादायक माणसाला बचाव करायला लावणं हाच त्याचा बचाव होता. यात जोखीम मोठी आहे. पुढे गेल्यावर चेंडू हरवला तर मागे अख्खी कड उघडी पडते. म्हणून विंग-बॅक सुटताच त्याच ओळीतल्या मधल्या सेंटर-बॅकने त्या बाजूला सरकायचं आणि पुढे कडेला खेळणाऱ्या विंग-फॉरवर्डने खाली यायचं. दोन्ही विंग-बॅक एकदम सुटले तर ही साखळी तुटते.

2016 चा अंतिम सामना याचा उत्तम धडा आहे. डब्लिनचा डर्मुड कॉनोली त्या काळातला अत्यंत देखणा आणि घातक खेळाडू, आणि त्याच्यावर कीगन. पहिला सामना 2-9 विरुद्ध 0-15 असा बरोबरीत सुटला. डब्लिनचे दोन्ही गोल मेयोच्याच खेळाडूंकडून झालेले स्वयंगोल होते. कॉनोलीचा फारसा प्रभाव पडला नाही. 1 ऑक्टोबरच्या फेरसामन्यात कीगनने पहिल्याच सत्रात स्वतः पुढे जाऊन गोल केला. त्याच सत्रात कॉनोलीला खाली ओढल्याबद्दल त्याला काळं कार्ड मिळालं. त्या वेळच्या नियमाने काळं कार्ड म्हणजे खेळाडू सामन्यातून बाद, त्याच्या जागी दुसरा. मेयोने आपलं सर्वांत चांगलं हत्यार अर्धा सामना बाकी असताना गमावलं. पुढे डब्लिनला पेनल्टी मिळाली आणि ती कॉनोलीनेच मारली. शेवट डब्लिनच्या बाजूने, 1-15 विरुद्ध 1-14. हाच फाऊल 2020 नंतर झाला असता तर कीगन 10 मिनिटं बाहेर बसून परत आला असता. माझं स्पष्ट मत आहे की जुना नियम बचावपटूंवर अन्याय करणारा होता. एका ओढीची शिक्षा तेवढी मोठी असू नये.

2017 मध्ये त्याच्यासमोर किअरन किलकेनी होता, डब्लिनच्या चेंडू फिरवण्याचा केंद्रबिंदू. कीगनने त्याला मोकळं सुटू दिलं नाही आणि दुसऱ्या सत्रात परत गोल केला. वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईत डब्लिनचा डीन रॉक निर्णायक फ्री घ्यायला पुढे आला तेव्हा कीगनने धाव मोजण्यासाठी आपल्या अंगावर असलेलं जीपीएस यंत्र त्याच्या दिशेने फेकलं. रॉकचा नेम ढळला नाही आणि डब्लिन 1-17 विरुद्ध 1-16 अशी जिंकली. ती कृती चुकीची होती, नियमातही आणि खेळाच्या रीतीतही. 2013, 2016 आणि 2017 या तिन्ही वेळा मेयो डब्लिनकडून फक्त एका पॉइंटने हरली.

शेवटच्या वर्षांत तो मागच्या, फुल-बॅक ओळीत आला. तिशी ओलांडल्यावर 70 मिनिटं वर-खाली पळणं जमत नाही, पण पहिल्या पाच मीटरची झेप आणि थांबण्याचा धीर टिकतो. गोलाजवळ तेच लागतं. तिथे गड्याच्या मागे न राहता अर्धं पाऊल पुढे, चेंडू येणाऱ्या बाजूला उभं राहायचं. डोक्यावरून उंच चेंडू पडला तर पंचाईत होते, म्हणून मधल्या ओळीने किकरवर सतत दबाव ठेवावा लागतो. 2021 च्या उपांत्य सामन्यात जादा वेळेनंतर मेयोने सलग सहा वर्षं विजेत्या राहिलेल्या डब्लिनला 0-17 विरुद्ध 0-14 असं हरवलं, ते या मागच्या ओळीच्या जोरावर.

2025 पासून नियम बदलले आहेत. प्रत्येक संघाला तीन खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात ठेवावेच लागतात, त्यामुळे सगळ्यांनी गोलासमोर भिंत उभी करण्याचा काळ संपला आणि एकास एक टॅकल पुन्हा महत्त्वाचा झाला. शिवाय 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटचे आता दोन मिळतात. उशिरा, धावत त्या कमानीपाशी येणाऱ्या विंग-बॅकमागे कोण जाणार, हे प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्याआधी नाव घेऊन ठरवून द्यावं लागतं.