तिसऱ्या दिवशीची लघवी

(दृश्य : नागपूरची इतवारी, पावसाळी सकाळ. पोत्यांनी भरलेला हातठेला.)

समजा, इतवारीत हमाली करणारा बावीस वर्षांचा एक पोरगा. हुडहुडी भरून ताप आला, रक्त तपासलं, व्हायवॅक्स मलेरिया निघाला. क्लोरोक्विन मिळालं आणि सोबत चौदा दिवस घ्यायची प्रायमाक्विनची गोळी. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारतं. यकृतात दडून बसलेल्यांना मात्र प्रायमाक्विनच लागतं, नाहीतर ताप पुन्हा उलटतो. म्हणजे गोळी बरोबरच दिली होती.

तिसऱ्या दिवशी पोरगा मोरीतून बाहेर येतो.

"माय, लघवी काळी होऊन रायली."

"पाणी कमी पेत असशीन."

संध्याकाळपर्यंत डोळे पिवळे. शेजारीपाजारी सांगतात, कावीळ आहे, झाडपाल्याचं औषध द्या. झाडपाला सुरू होतो आणि ती गोळीही सुरूच राहते. खरा घात इथे होतो, कारण लाल रक्तपेशी फोडत असते ती हीच गोळी.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काचपट्टी.)

हिमोग्लोबिनला जागा व्हावी म्हणून लाल पेशीने आपलं केंद्रकच टाकून दिलेलं असतं. त्यामुळे रक्तात उतरल्यावर तिला नवं काही घडवता येत नाही. साधारण 120 दिवस बांधून आणलेल्या शिदोरीवर काढायचे. या शिदोरीत जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम असतं. काही औषधांमुळे पेशीत ऑक्सिडीकरणाचा मारा सुरू होतो, तो हे एन्झाइम परतवतं. काहींच्या पेशींत ते जन्मतःच तोकडं असतं. मग हिमोग्लोबिन नासतं, त्याच्या गुठळ्या पेशीच्या भिंतीला चिकटतात, आणि प्लीहेतून जाताना तेवढा भाग तोडला जातो. ही पेशी बघा. पोळीचा घास तोडावा तशी कड गेलेली. अशा पेशी फार टिकत नाहीत. फुटल्या की हिमोग्लोबिन लघवीत उतरतं, म्हणून ती कोऱ्या चहासारखी दिसते.

हे कळलं कसं, ती गोष्ट अमेरिकेतली. 1950च्या दशकात इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर मलेरियाच्या औषधांचे प्रयोग चालत. आज असं कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. प्रायमाक्विन न सोसणाऱ्या कैद्याच्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या धडधाकट माणसाच्या अंगात सोडल्या. त्याला गोळी दिली, तर खुणेच्या पेशी तिथेही फुटल्या. दोष शरीरात नव्हता, पेशीतच होता. 1956 मध्ये एन्झाइमचं नावही कळलं.

प्रायमाक्विन एकटं नाही. कुष्ठरोगावरचं डॅप्सोन, लघवीच्या जंतुसंसर्गावरचं नायट्रोफ्युरॅन्टॉइन, हीही त्याच पंगतीतली. आणि औषध नसलेली एक वस्तू : डांबराच्या गोळ्या. ट्रंकेतले जुने कपडे काढून थेट बाळाला घालतात ना, ते नको. एन्झाइम कमी असलेल्या तान्ह्या बाळाला तो वाससुद्धा बाधू शकतो.

औषधाने लाल पेशी फुटण्याची दुसरी वाट वेगळी आहे. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच औषधापायी आपल्या लाल पेशींवर उलटते. सेफ्ट्रिॲक्सोनसारखं इंजेक्शन, गरोदरपणात बीपीसाठी देतात ते मेथिलडोपा. हे क्वचित घडतं. ते ओळखायला 1945 पासून कूम्ब्स चाचणी आहे.

(दृश्य : धंतोली, पॅथॉलॉजी लॅबची खिडकी.)

नागपुरात रक्त कमी आणि डोळे पिवळे म्हटलं की मनात आधी सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार येतो. विदर्भात ते साहजिकच आहे. पण "सध्या कोणती गोळी सुरू आहे?" हा प्रश्न त्याच्याही आधी यायला हवा.

जी-सिक्स-पीडीची चाचणीही चकवते. एन्झाइम सगळ्यात कमी उरलेलं असतं म्हाताऱ्या पेशींत, त्यामुळे आधी त्याच फुटतात. उरतात कोवळ्या, त्यांच्यात एन्झाइम बरं असतं. ऐन आजारात तपासलं तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि घरचे निर्धास्त होतात. म्हणून तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

(दृश्य : तीन महिन्यांनंतर. डॉक्टरच्या टेबलावर फाईल.)

गोळी थांबवल्यावर पोरगा सावरला. आज रिपोर्टमध्ये एन्झाइम कमी आलं. डॉक्टर फाईलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने टाळायच्या औषधांची नावं लिहितात.

"धाकट्यालेबी तपासा लागते काय, डॉक्टरसाहेब?"

"हो. हा दोष आईकडून मुलाकडे येतो, बाई. तुम्हाला भाऊ आहे का?"

"हाय ना, कामठीले."

"मग मामालाही घेऊन या."