दुखतंय पुढे, गाठ मागे

नमस्कार मंडळी. कुठे बसला असाल तसेच बसा, गाडी चालवणाऱ्यांनी फक्त ऐका, बाकीच्यांनी एक गंमत करायची आहे. उजवा हात उचला, डाव्या खांद्यावर न्या, मान आणि खांद्याच्या मधला जो मांसल भाग असतो ना, ज्याच्यावर पिशवीचा पट्टा येतो, तो अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरा. धरलात? आता चिमटी हळूहळू सरकवा, मानेकडून खांद्याकडे. कुठेतरी एक दोरी लागेल, ताणलेली, आणि त्या दोरीत एक मणी ओवल्यासारखा कडक ठिपका. त्याच्यावर बोट आलं की तोंडातून आपोआप "आई गं" निघतं. निघालं का? निघालं असेल तर अभिनंदन, आजचा कार्यक्रम तुमच्यासाठीच आहे. त्या मण्याला म्हणतात ट्रिगर पॉइंट.

आता तुम्ही म्हणाल की यात नवीन काय, गाठ आली की आपण चोळतोच की. बरोबर. पण या गाठीची एक खोड आहे आणि तीच मला आज सांगायची आहे, दोनदा सांगते कारण रेडिओवर मागे जाऊन वाचता येत नाही. जिथे दुखतं तिथेच गाठ असेल असं नाही. परत सांगते, जिथे दुखतं तिथेच गाठ असेल असं नाही. गाठ एकीकडे, ठणका भलतीकडे. आत्ता तुम्ही धरलेला तो खांद्यावरचा मणी, तो कित्येकांना कानशिलात आणि कानामागे दुखवतो आणि माणूस डोकेदुखीची गोळी घेत बसतो. पोटरीतली गाठ टाचेत दुखते. कुल्ल्यातल्या एका छोट्या स्नायूतली गाठ पायाच्या बाहेरच्या बाजूने घोट्यापर्यंत उतरते आणि घरात सगळे म्हणतात सायटिका झाला. हे काही आजचं नाही, केल्ग्रेन नावाच्या डॉक्टरांनी १९३८ साली चक्क माणसांच्या स्नायूंमध्ये मिठाचं पाणी टोचून पाहिलं, टोचलं एकीकडे आणि लोक हात दाखवायचे दुसरीकडे.

पण मला हे कुठल्या डॉक्टरांकडून कळलेलं नाही, माझ्या उजव्या खांद्याकडून कळलंय. ती गोष्ट सांगते. ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी माफ करा, पण मला ती सांगायला फार आवडते.

झालं काय, की माझा उजवा खांदा दुखायला लागला. खांद्याच्या पुढच्या बाजूला, अगदी सांध्याच्या आत, खोल. दाताचा ठणका असतो ना तसा, आणि मग दंडातून खाली. केस बांधायला हात मागे जाईना. रात्री उजव्या कुशीवर झोपले की दुखायचं म्हणून डावीकडे वळायचं, तर उजवा हात पुढे लोंबकळून आणखी दुखायचं, मग उताणं झोपायचं आणि छताकडे बघत बसायचं. नवरा बिचारा रोज रात्री बाम घेऊन हजर, आणि मी बोट ठेवीन तिथे, म्हणजे खांद्याच्या पुढे, इमानेइतबारे चोळायचा. तीन आठवडे चोळलं हो त्याने. त्याच्या हाताला बामाचा वास कायमचा लागला, माझा खांदा जागच्या जागी. एक्स-रे काढला, एकदम स्वच्छ. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने लांबूनच बघून फ्रोजन शोल्डर जाहीर करून टाकला. आणि मग व्हिडिओ सुरू झाले. फोनवर. प्रत्येकाकडे एक व्हिडिओ असतोच, आणि पाठवणाऱ्याने तो स्वतः शेवटपर्यंत बघितलेला नसतो ही माझी खात्री आहे, कारण त्यातल्या एकात शेवटी तो माणूसच सांगत होता की खांदा दुखत असेल तर हा व्यायाम करू नका. मी तोपर्यंत टॉवेल मागून ओढून ओढून अर्धी झाले होते. असो.

शेवटी एका फिजिओ मॅडमकडे गेले. वयस्कर, बारीक अंगाच्या, बोलायला कमी. मी माझी कहाणी सगळी सांगितली, रेडिओची सवय, दहा मिनिटं तरी बोलले असेन. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, डाव्या कुशीवर झोपा. झोपले. आणि त्यांनी बोट ठेवलं ते कुठे, तर मागे! पाठीवर, खांद्याचं जे पातं असतं, खवाटा म्हणतात बघा, त्याच्या मधोमध. मी म्हटलं, "मॅडम, दुखतंय पुढे." त्या म्हणाल्या, "हो, ऐकलं मी." आणि चाचपडत राहिल्या. मी मनात म्हटलं, झालं, यांना ऐकायला कमी येतं, आता परत सगळं सांगावं लागणार.

आणि तेवढ्यात त्यांनी दाबलं.

मंडळी, मागे दाबलं आणि कळ पुढे गेली. पुढे म्हणजे अगदी तिथेच, बामवाल्या जागी, सांध्याच्या आत, आणि तिथून दंडात. मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर बसलेला नवरा पडदा सारून आत आला. मॅडमनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला फक्त एक प्रश्न विचारला, तो मी आजपर्यंत विसरले नाही. म्हणाल्या, "हे दुखणं ओळखीचं आहे का?"

ओळखीचं! अहो तेच होतं, तंतोतंत, रात्री दोन वाजता मला उठवून बसवणारं. हा प्रश्न लक्षात ठेवा, कारण सगळी मेख यातच आहे. अंगावर कुठेही जोरात दाबलं तर दुखणारच. पण दाबल्यावर जर तुमचंच, रोजचं, ओळखीचं दुखणं जागं झालं, तर तुम्ही बरोबर जागी आहात. ओळखीचं दुखणं. हे शब्द लिहून ठेवा हवं तर.

मग त्यांनी बोट तसंच ठेवलं. चोळलं नाही, रगडलं नाही, नुसतं दाबून धरलं. म्हणाल्या श्वास सोडा, हात सैल सोडा. आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात ती कळ विरायला लागली, लांब जाणाऱ्या गाडीचा आवाज कमी कमी होतो तशी. असं दोन-तीन ठिकाणी केलं, गरम शेक दिला, हात हळूहळू सगळीकडे फिरवून घेतला. त्या रात्री मी उजव्या कुशीवर झोपले.

इथे गोष्ट संपली असती तर मी सांगितलीच नसती. तिसऱ्या दिवशी दुखणं परत. गेले परत. त्यांनी परत दाबलं, परत बरं. चार दिवसांनी परत आलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर काय करता ते करून दाखवा." मी म्हटलं काही नाही हो, बसून बोलते. "मग बसून बोला." त्यांनी खुर्ची दिली. मी बसले, खोटा हेडफोन लावला, खोटा माइक पुढे ओढला, कागद चाळले, नमस्कार मंडळी म्हटलं, गाणं लावलं, आणि त्या ओरडल्या, "थांबा! आत्ता काय केलंत?" मी म्हटलं, "कुठे काय? पाणी प्यायले." बघते तर माझा उजवा हात मागे गेलेला, न बघता, कोपर सरळ, तळहात बाटली धरल्यासारखा.

त्याचं असं आहे, की पूर्वी मी एकदा स्टुडिओत कन्सोलवर पाणी सांडलं होतं. अख्खा कप. कार्यक्रम वीस मिनिटं बंद पडला होता, ते प्रकरण मी जास्त सांगत नाही. तेव्हापासून माझी बाटली खुर्चीच्या मागे एका स्टुलावर हद्दपार. गाणं सुरू झालं की हात मागे, बाटली उचल, पी, परत हात मागे, ठेव. तीन तासांच्या कार्यक्रमात किती वेळा, हिशोबच नाही. आणि त्यातून हल्ली गाणी कापतात! हे मला बोलायचंच होतं, शेवटचं कडवं खाऊन टाकतात, कवीने जे सांगायला गाणं लिहिलं ते शेवटच्या कडव्यात असतं आणि तेच गायब, बरं का कापतात तर म्हणे ऐकणाऱ्याला धीर नसतो, अहो तुम्ही विचारलंत का ऐकणाऱ्याला? तर गाणी कापली म्हणजे गाणी वाढली, गाणी वाढली म्हणजे माझं बोलणं वाढलं, बोलणं वाढलं म्हणजे घसा सुकला, घसा सुकला म्हणजे हात मागे. माझा खांदा शेवटच्या कडव्याने दुखवलाय असं मी आमच्या साहेबांना सांगितलं, ते हसले नाहीत.

मॅडम म्हणाल्या, हात असा मागे बाहेर फिरवून वजन उचलणं हे पात्यावरच्या त्याच स्नायूचं काम, इन्फ्रास्पायनेटस त्याचं नाव, आणि त्याची कळ पुढे सांध्यात येते हे ठरलेलंच. बाटली पुढे घ्या. बास, एवढंच. मी डाव्या हाताला बुटकं टेबल घेतलं, घट्ट झाकणाची बाटली आणली. आणखी दोनदा जावं लागलं, मग नाही.

आता वेळ बघते तर बराच गेला, थेअरी पटकन सांगते. सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं स्पष्टीकरण असं, की स्नायूला हुकूम देणारी नस जिथे स्नायूला जोडलेली असते तिथला एक इवलासा भाग आखडलेलाच राहतो. आखडला की तिथला रक्तपुरवठा चिमटतो. आणि गंमत म्हणजे स्नायूला आखडायला ताकद लागते तशी सैल व्हायलाही लागते, रक्त नाही तर ताकद नाही, ताकद नाही म्हणून सैल होत नाही, असं ते अडकून बसतं. यावर तज्ज्ञांमध्ये भांडण आहे, काही म्हणतात गाठ वगैरे पक्की सिद्ध झालेली नाही, आणि दोन तपासणाऱ्यांची बोटं दर वेळी एकाच जागी पडत नाहीत हे खरंच आहे. त्यांचं भांडण चालू दे, मी मात्र रात्री झोपते.

ज्यांच्यामुळे हा विषय जगभर गेला त्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल, अमेरिकेच्या. जॉन केनेडींची पाठ त्यांनी १९५५ पासून सांभाळली, १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वैयक्तिक डॉक्टर झाल्या, त्या जागेवरच्या पहिल्या बाई. स्नायूत इंजेक्शनं द्यायच्याच, पण त्यांनी केनेडींची खुर्चीही बदलली, झुलती खुर्ची दिली, आणि बुटात टाचेखाली उंची घालून दिली. म्हणजे तिथेही बाटली शोधलीच म्हणायची.

घरी काय करायचं. एक टेनिसचा बॉल, एक लांब मोजा. बॉल मोज्यात, मोज्याचं टोक हातात, बॉल खांद्यावरून पाठीमागे सोडा आणि भिंतीला टेका. अंगाचं वजन हळूहळू द्या, फिरत फिरत ओळखीचं दुखणं शोधा. सापडलं की थांबा. दहापैकी पाच-सहा दुखेल इतकंच, दात आवळावे लागले, श्वास अडकला, तर जास्त झालं. अर्धा मिनिट ते एक मिनिट, कळ विरली की सोडा. मग शेक, मग हात हलका फिरवा. एकदाच अर्धा तास रगडण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. दुसऱ्या दिवशी काळंनिळं झालं तर ती बहादुरी नाही, चूक आहे. हे मी खास करून पुरुषमंडळींना सांगतेय, तुम्हाला मसाजचं मशीन घेऊन बंदुकीसारखं चालवायला आवडतं. सुया टोचून करतात, ड्राय नीडलिंग, ते शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

आणि हे नीट ऐका. मानेच्या पुढच्या बाजूला दाबायचं नाही, जिथे ठोका लागतो तिथे दाबायचं नाही, मणक्याच्या हाडावर नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एकच पोटरी सुजली, लाल झाली, गरम लागतेय, तर हात लावू नका, दवाखाना. छातीत दुखतंय, घाम आलाय, दम लागतोय, तर गाठी शोधत बसू नका, ताबडतोब हॉस्पिटल. हातापायाला मुंग्या, बधिरपणा, ताकद कमी होणं, लघवी-शौचाचा ताबा जाणं, ताप, वजन उतरणं, यातलं काहीही सोबत असेल तर ते आपल्या बॉलचं काम नाही. छातीचं परत सांगते, घाम आणि दम असेल तर हॉस्पिटल.

काचेपलीकडून मला हात दाखवतायत, म्हणजे वेळ संपली. गाणं लावते, पाच मिनिटांचं आहे, शेवटच्या कडव्यासकट, मी स्वतः निवडलंय. तेवढ्यात दोन्ही खांदे सावकाश होतील तुमचे, मोजा शोधायला एक मिनिट धरूनसुद्धा.