इंचात ठिपके किती?

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय मॉनिटर घेण्याविषयी. कॉम्प्युटर बरा चाललाय, पण स्क्रीन लहान पडते, डोळे बारीक करून बघावं लागतं, आणि खिशात आहेत आठ-दहा हजार. अशांसाठी हे बोलणं. ज्यांच्याकडं चाळीस हजार आहेत त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला तरी चालेल, दुकानदार त्यांना चहा पाजून सगळं समजावतो.

तर आमचे दाजी. थोरल्या बहिणीचे यजमान. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांना चादरी-टॉवेलची डिझाइनं काढून देतात. हयात त्यातच गेली. पूर्वी ग्राफ पेपरवर ब्रशनं एकेक चौकोन रंगवायचे. एक चौकोन म्हणजे उभा आणि आडवा धागा जिथं भेटतो ती जागा. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि पट्ट्या जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणायच्या यंत्रावर, चढवायच्या. भोक असेल तिथला धागा वर उचलला जाणार, नसेल तिथला खाली राहणार. फ्रान्समध्ये जेकार्ड नावाच्या माणसानं 1804 च्या सुमारास हे यंत्र बसवलं, आणि पुढं बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं आपल्या गणनयंत्रासाठी भोकांच्या पट्ट्या तिथूनच घेतल्या. म्हणजे कॉम्प्युटरचं आजोळ मागावर आहे! पुण्या-बंगळूरची पोरं आपल्याला कॉम्प्युटर शिकवायला येतात तेव्हा हे त्यांना एकदा ऐकवावं, असं मला फार वाटतं. असो.

आता दाजी डिझाइन कॉम्प्युटरवरच काढतात. त्यांचा मॉनिटर होता 19 इंची, जुन्या पद्धतीचा, चौकोनी दिसणारा. दिवाळीच्या आधी मला फोन केला, "पाव्हणं, मोर सगळा एका नजरंत दिसत नाही. केवढा घेऊ?" मी इकडं घाईत होतो. म्हटलं, "विचार काय करताय दाजी, 27 इंची घ्या. मोठा तो मोठा!" नव्या पेठेत गेले आणि साडेदहा हजारांत 27 इंची घेऊन आले. रिक्षात मांडीवर धरून आणला म्हणे, नव्या नवरीसारखा.

आठव्या दिवशी फोन. "पाव्हणं, जरा घरी या." दाजी एवढं कमी बोलले की समजायचं, बिनसलंय.

गेलो. बहिणीनं आधी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली. चटणी उखळात कुटलेली, हात लावला की बोटाला तेल लागतं. मिक्सरमधून काढलेल्या भुकटीला लोक शेंगाचटणी म्हणतात त्याचा मला राग आहे, पण तो विषय वेगळा. हात धुऊन आतल्या खोलीत गेलो तर दाजींनी दोन्ही मॉनिटर शेजारी शेजारी मांडलेले. दोन्हींवर तोच मोर. आणि हातात सूत मोजायचं भिंग. चादरीच्या धंद्यातल्यांना माहीत आहे ते. पितळी, घडीचं, खाली बरोबर एक इंचाची चौकोनी खिडकी. कापडावर ठेवायचं आणि इंचात किती धागे बसलेत ते मोजायचं.

दाजींनी ते भिंग नव्या मॉनिटरवर टेकवलं. मला म्हणाले, "बघा." मी डोळा लावला. आत लाल, हिरव्या, निळ्या बारीक उभ्या पट्ट्या, तीन पट्ट्यांचा एक ठिपका, ठिपक्याला ठिपका लागून. अगदी विणलेल्या कापडासारखं! दाजींनी झाडूची काडी घेतली आणि एकेक ठिपका मोजायला लागले. काडी स्क्रीनला लागते की काय म्हणून माझा जीव वरखाली. मोजून झालं. "82." मग भिंग जुन्यावर ठेवलं. पुन्हा काडी. "86." भिंग मिटलं, खिशात टाकलं आणि म्हणाले, "पाव्हणं, चादर मोठी दिली, पण सूत तेवढं वाढवलं नाही की ओ. वीण विरळ झाली. मोराचा डोळा दातेरी दिसायला लागलाय."

श्रोतेहो, वीस वर्षं मी लोकांना कॉम्प्युटर शिकवतोय, पण ही गोष्ट इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आली नव्हती. आपण विचारतो मॉनिटर किती इंची. विचारायचं हे, की इंचात ठिपके किती. पुन्हा सांगतो, इंचात ठिपके किती.

स्वस्तातले बहुतेक मॉनिटर फुल एचडी असतात. फुल एचडी म्हणजे आडवे 1920 ठिपके, उभे 1080. मॉनिटर 22 इंची असो, 24 असो की 27, ठिपके तेवढेच. सूत तेवढंच, चादर लांबवत न्यायची. 24 इंचीत इंचाला 92 ठिपके बसतात, 27 इंचीत 82 च. हातभर अंतरावर बसून लिहिणं-वाचणं असेल तर फुल एचडीत 24 वर थांबा. 27 च हवा असेल तर 2560 बाय 1440 चा बघा, त्यात इंचाला 109 भरतात. पण पैसे वाढतात, तेव्हा दहा हजारांवाल्यांनी तिकडं बघूच नये.

दुसरं, इंच मोजतात तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. म्हणून जुना चौकोनी 19 इंची काढून 22 इंची रुंद मॉनिटर आणला की लोक चक्रावतात. जुना उंचीला जवळजवळ 12 इंच, नवा साडेदहाच्या आसपास! रुंदी वाढली, उंची घटली, आणि टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरात, खाली दिसणाऱ्या ओळी डोळ्यांना बारीक झाल्या. 24 इंचीची उंची पावणेबारा, म्हणजे जुन्याएवढी. तेव्हा घरून निघताना जुन्याची उंची टेपनं मोजून चिठ्ठीवर लिहून न्या. दुकानात सगळेच मॉनिटर मोठे दिसतात.

पॅनल, म्हणजे आतला चित्र दाखवणारा पडदा, आयपीएस जातीचं मागा. टीएन पॅनल स्वस्त असतं, पण मान जरा हलवली की रंग बदलतो. टॉवेल गुलाबी की केशरी यावर घरात भांडण लागतं. केबलचं बघा. जुन्या सीपीयूला निळी व्हीजीए पिन असते आणि नव्या कित्येक मॉनिटरना फक्त एचडीएमआय, म्हणजे नव्या पद्धतीची चपटी पिन. मग कन्व्हर्टरचे पैसे वेगळे. सीपीयूची मागची बाजू मोबाइलवर फोटो काढून न्या, काम सोपं. गेम खेळणार नसाल तर 144 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलतं, वगैरे ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. आणि ते वाकडे, कमानदार मॉनिटर! सरळ रेषा काढणाऱ्यानं वाकड्या काचेसमोर का बसावं हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

पैसे देण्याआधी तिथंच चालू करायला सांगा. एकदा पूर्ण पांढरी स्क्रीन, एकदा पूर्ण काळी. पांढऱ्यावर काळा किंवा काळ्यावर चमकणारा ठिपका दिसला तर दुसरा पीस मागा. घरी आणल्यावर दुकानदार कुरकुरतो. दाजींचंही तेच झालं, खोका फोडला होता, परत कोण घेणार?

मग तोड दाजींनीच काढली. "सल्ला तुमचा, मॉनिटर पण तुम्हीच न्या." माझ्या टेबलावर चांगला 24 इंची होता. तो दाजींनी त्याच रिक्षातून नेला. आता त्यांचा मोर झकास दिसतो, आणि त्यांचा 27 इंची माझ्याकडं आहे. टेबल भिंतीपासून ओढून मी तो तीन फूट मागं सरकवलाय, तेवढ्या अंतरावर वीण विरळ वाटत नाही. सिनेमा बघायला तर उत्तमच. हे भाषणसुद्धा त्याच्यावरच टाइप केलं, अक्षर दीडपट करून.

मागच्या रविवारी दाजी आले होते. चहा घेता घेता खिशातनं भिंग काढलं, माझ्या स्क्रीनवर ठेवलं, मोजलं, आणि काही न बोलता पुन्हा खिशात ठेवलं. नमस्कार.